मॉरिशसचे मूळ रहिवासी कोण?

प्रश्न : मुलगा-सून मॉरिशसला जाऊन आले. तिथे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते म्हणे. बाजारात एक आजी त्यांच्याशी मराठीत बोलल्या. मग तिथले मूळ लोक कोण?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ताई, मूळ लोक नव्हतेच. होता तो डोडो हा न उडणारा पक्षी. अरब आणि पोर्तुगीज खलाशी वाटेत डोकावून गेले, राहिलं कुणी नाही. १५९८मध्ये डचांनी बेटाला आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव दिलं, १६३८मध्ये वस्ती केली, जावाहून ऊस आणि हरणं आणली आणि १७१०मध्ये गाशा गुंडाळला. तोवर डोडो संपला होता. जहाजांतून आलेली डुकरं, उंदीर, माकडं त्याच्या अंड्यांवर उठली.

१७१५मध्ये फ्रेंच आले. त्यांनी पोर्ट लुई बंदर उभारलं, तेही आफ्रिका-मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या जिवावर. १८१०मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण फ्रेंच मळेवाल्यांची भाषा आणि कायदे तसेच ठेवले. म्हणून गाड्या इंग्रजांसारख्या डावीकडून, पण वर्तमानपत्रं फ्रेंच!

१८३५मध्ये गुलामगिरी उठणार हे आधीच ठरलं होतं. आता ऊस कोण तोडणार? आपल्याकडे मुकादम टोळीला उचल देतो ना, त्याच जातकुळीचं हे ‘गिरमिट’, म्हणजे अ‍ॅग्रीमेंट; फक्त पाच वर्षांचं आणि समुद्रापलीकडचं. २ नोव्हेंबर १८३४ला कलकत्त्याहून पहिले ३६ जण उतरले, पुढे १९२०पर्यंत सुमारे साडेचार लाख. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे बरेच. त्या आजी बहुधा त्यांच्यातल्याच.

असाच मॉरिशसचा एक पाहुणा मागे रामकुंडावर भेटला. हातात खापरपणजोबांच्या दाखल्याची झेरॉक्स. त्यावर गिरमिटाचा नंबर स्पष्ट, गावाचं नाव मात्र गोऱ्या कारकुनाला ऐकू आलं तसं. उपाध्यायांनी वंशावळीच्या वह्या काढल्या, पण त्या स्पेलिंगात कोकणातली तीन गावं बसत होती! दुपार त्यातच गेली. शेवटी त्यांनी कोरं पान उघडलं, गावाची जागा मोकळी सोडली आणि पाहुण्याच्या वडिलांपासून नावं लिहायला घेतली.

सुट्टीचं म्हणाल तर खरं आहे. १२ मार्च १९६८ला देश स्वतंत्र झाला; तिथे गणपतीला सुट्टी, ईदला आणि नाताळलाही. २ नोव्हेंबरचीही असते, त्या ३६ जणांसाठी.

सुनेनं पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या, म्हणजे गिरमिटवाले जिथे उतरत तिथल्या, सोळा पायऱ्या पाहिल्या का, विचारा. सहलवाले बहुतेक थेट समुद्रावर नेतात.