आधी चुंबक, मग डोळे

बेळगावच्या कॅम्पातले जुने बंगले किंवा निपाणी-खानापूरकडचे वाडे बघायला निघालास की त्यातले धातू ओळखायला खिशात लहान लोहचुंबक ठेव. तांबं, पितळ, शिसं, जस्त त्याला चिकटत नाहीत. पण चिकटलं म्हणजे फक्त लोखंड एवढंच कळतं. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असला तरी चुंबक चिकटतोच.

खरा कस बीड (साच्यात ओतलेलं लोखंड), घडीव (ठोकून घडवलेलं) लोखंड आणि पोलाद वेगळं करताना लागतो. व्हरांड्याचा गोल, नक्षीदार खांब बहुधा बिडाचा. साच्याच्या दोन भागांची बारीक उभी रेघ हाताला लागते का बघ. बिडात कार्बन साधारण 2 ते 4 टक्के, म्हणून ते दाब सोसतं, पण ताणात किंवा घावानं तडकतं. मोडलेली कड दाणेदार, करडी दिसते. घडीव लोखंड गंजलं की लाकडासारखे पदर सुटतात. खिडकीच्या जुन्या गजांत, कडी-कोयंड्यांत ते सापडतं. तुळईवर कारखान्याचं उठावदार नाव असेल तर फोटो काढ, काळ ठरवायला मोठी मदत होते.

दगडी बांधकामात दगड जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या शोध. कधी त्या शिशात बसवलेल्या असतात. खानापूरकडच्या पावसात ओल आत गेली की गंज फुगतो आणि धडधाकट दगड फोडतो. तांबूस ओघळ दिसला तर तिथं थांबच.

आणि कानसीनं घासून बघू नकोस, विशेषतः बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरासारख्या संरक्षित वास्तूत. गळून पडलेला तुकडाही परवानगीशिवाय उचलायचा नाही.