ट्रान्सपाँडर बसवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नव्या मोड-एस ट्रान्सपाँडरसाठी (रडारच्या विचारणेला विमानाची ओळख आणि उंची कळवणारा संच; मोड-एस प्रकारात प्रत्येक विमानाला स्वतःचा पत्ता असतो) मिळालेल्या कागदावर दोन पत्ते आहेत, एक सहा अक्षरी आणि एक आठ आकडी. कोणता भरायचा? आणि फ्लाइट आयडीत काय घालायचं?

उत्तर : पत्ता एकच आहे, फक्त दोन तऱ्हांनी लिहिलेला. तो 24 बिटांचा असतो. चार-चार बिटांचे गट पाडले की सहा अक्षरी हेक्स तयार होतो, तीन-तीनचे पाडले की आठ आकडी ऑक्टल. उदाहरणार्थ, हेक्समधला एबीसीडीईएफ ऑक्टलमध्ये 52746757 होतो. तुमच्या संचाचं सेटअप पान जो प्रकार मागतं तोच भरा. एकाने कागदावरून वाचावं, दुसऱ्याने टाकावं, आणि नंतर रॅम्प टेस्टरवर (ट्रान्सपाँडरची उत्तरं तपासणारं उपकरण) उमटलेला पत्ता कागदाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा.

पत्ता विमानाचा असतो, डब्याचा नव्हे. दुसऱ्या विमानातून काढलेला संच बसवलात तर जुना पत्ता त्यात तसाच असू शकतो. एकाच पत्त्याची दोन विमानं जवळ आली की रडारला ती वेगळी ओळखता येत नाहीत, त्यामुळे ही चूक क्षुल्लक समजू नका.

फ्लाइट आयडी म्हणजे फ्लाइट प्लॅनमध्ये लिहिलेलं कॉलसाइन (रेडिओवर विमानाला हाक मारायचं नाव), जास्तीत जास्त आठ अक्षरं. कॉलसाइन नसेल तर नोंदणी क्रमांक घाला, पण मधली आडवी रेघ, मोकळी जागा आणि भरतीची शून्यं नकोत.

प्रश्न : जमिनीवर उंची बरोबर दिसते. चढताना साधारण 14,700 फुटांपर्यंत सगळं ठीक असतं, पुढे मात्र विमान वर जातं तशी ट्रान्सपाँडरची उंची कमी होत जाते. 20,000 फुटांवर 9,500 दिसले. ट्रान्सपाँडर बदलला, फरक नाही. एन्कोडर (हवेच्या दाबावरून उंची काढून ट्रान्सपाँडरला देणारा भाग) समांतर तारांचा आहे.

उत्तर : ए-1 ची तार तुटलेली आहे. इतक्या ठामपणे सांगता येतं, कारण लक्षणं तंतोतंत जुळतात. समांतर एन्कोडर ग्रे कोडमध्ये (प्रत्येक पायरीला एकच बिट बदलणारी अंकपद्धत) उंची पाठवतो, प्रत्येक बिटाला ए-1, ए-2 अशा नावाची वेगळी तार असते, आणि 'एक' दाखवायला ती-ती तार जमिनीला जोडतो. तुटलेली तार म्हणजे कायमचा शून्य. वरच्या बिटांच्या तारा खूप वर गेल्याशिवाय कामालाच येत नाहीत : ए-4 साधारण 2,750 फुटांपासून, ए-2 साधारण 6,750 पासून, ए-1 साधारण 14,750 पासून आणि डी-4 साधारण 30,750 पासून. ए-1 नसला की त्यापुढची उंची आरशातल्यासारखी उलटी वाचली जाते. खरी उंची आणि दिसणारी उंची यांची बेरीज 29,500 येते. तुमचे 20,000 आणि 9,500 मिळवून पाहा. हीच तार तुटण्याऐवजी जमिनीला टेकली असती तर 1,000 फुटांवरच्या धावपट्टीवर उभ्या उभ्या 28,500 दिसले असते आणि दोष पहिल्याच दिवशी सापडला असता.

विद्युतप्रवाह बंद करून एन्कोडरच्या कनेक्टरपासून ट्रान्सपाँडरच्या ट्रेपर्यंत ए-1 मल्टिमीटरने तपासा. मधली तार बहुधा शाबूत असते, दोष टोकाला निघतो : पिन कनेक्टरमध्ये नीट न अडकता मागे सरकलेली असते. प्रत्येक पिन हलकेच ओढून पाहा.

त्यानंतर स्टॅटिक टेस्ट सेट (जमिनीवरच हवेचा दाब कमी करून उंची भासवणारं यंत्र) लावून विमानाच्या कमाल उंचीपर्यंत चढवा आणि वरच्या टप्प्यांच्या खाली-वर थांबून वाचन घ्या. फक्त स्टॅटिकमधली (बाहेरच्या हवेचा दाब उपकरणांना देणारी नळी) हवा ओढू नका, पिटोही (समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी नळी) जोडा, नाहीतर वेगमापक खराब होईल. अल्टिमीटर 1013.25 हेक्टोपास्कलवर ठेवा, कारण एन्कोडर नेहमी त्याच दाबाच्या हिशेबाने उंची देतो. दोन्हींत 125 फुटांपेक्षा जास्त फरक नसावा. एन्कोडरला तापायला काही मिनिटं लागतात, तेवढी द्या.

या चाचणीत एक खबरदारी अगदी महत्त्वाची. अँटेना मोकळी ठेवून हँगरमध्ये 20,000 फूट 'चढलात', तर वरून जाणाऱ्या खऱ्या विमानाच्या टक्करटाळू यंत्रणेला तिथे नसलेलं विमान दिसतं. म्हणून सिग्नल बाहेर पसरू नये यासाठी अँटेनावर कपलर (अँटेना झाकून सिग्नल टेस्टरकडे नेणारं टोपण) घाला किंवा केबल डमी लोडला (सिग्नल शोषून घेणारा भार) जोडा. 7500 (अपहरण), 7600 (रेडिओ बंद) आणि 7700 (आणीबाणी) हे कोड तर चाचणीत चुकूनही लावू नका.

प्रश्न : टॅक्सी करताना सगळं व्यवस्थित असतं, उड्डाणानंतर मात्र नियंत्रक म्हणतात की आम्हाला तुम्ही दिसत नाही.

उत्तर : बहुधा स्क्वॉट स्विचची (विमान जमिनीवर आहे की हवेत हे चाकांच्या पायावरून सांगणारा स्विच) दिशा उलटी भरली आहे, त्यामुळे संचाला हवेतलं विमान जमिनीवर वाटतं. जमिनीवर असताना मोड-एस संच मोड ए (ओळख-कोड), मोड सी (उंची) आणि सर्वांना उद्देशून आलेल्या विचारणेला उत्तर देत नाही. विमान जॅकवर उचलून स्क्रीनवर स्थिती बदलते का ते पाहा. शिवाय स्विचची तार सोडवूनही एकदा बघा : तार तुटली तर संचाने 'हवेत' धरावं, अशीच जोडणी हवी.