मोर्चा: खंदकातून रस्त्यावर

‘मोर्चा’ हा शब्द इंग्रजी ‘मार्च’वरून आला का? आणि तसं असेल तर ‘मोर्चेबांधणी’ आणि ‘मोर्चा वळवणे’ यांतला मोर्चा कुठला, असा प्रश्न आहे. पहिल्या भागाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. दोन्ही शब्दांचा उच्चार जवळचा आहे, दोन्हींत माणसं रांगेनं चालतात, त्यामुळे गैरसमज सहज होतो. पण इंग्रज इथे राज्य करायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून मोर्चा मराठीत होता. बखरींत आणि पेशवेकालीन पत्रांत तो जागोजागी भेटतो, आणि तिथे तो अजिबात चालत नाही.

मूळ शब्द फारसी ‘मूर्चाल’. ‘मूर’ म्हणजे मुंगी आणि ‘चाल’ म्हणजे खड्डा, अशी त्याची फोड केली जाते. मुंग्या जमीन पोखरतात तेव्हा आत बीळ तयार होतं आणि काठावर मातीचा ढिगारा साठतो. किल्ल्याला वेढा घालणारं सैन्य नेमकं हेच करायचं. खंदक खणायचा, निघालेल्या मातीचा शत्रूच्या बाजूला बांध घालायचा, त्याच्या आडोशाला तोफा बसवायच्या. हा सगळा बंदोबस्त म्हणजे मोर्चा. ‘मोर्चे लावले’ याचा अर्थ किल्ल्यासमोर अशी ठाणी उभी केली. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसईला घातलेला वेढा वाचताना हा अर्थ लक्षात ठेवावा. मोर्चे तटाच्या जवळ जवळ नेत शेवटी बुरुजाखाली सुरुंग भरायचे, हे त्या युद्धाचं तंत्र होतं. (सुरुंग हा शब्दही दूरचा पाहुणा आहे. संस्कृत ‘सुरुङ्गा’मार्गे तो ग्रीक ‘सिरिंक्स’ म्हणजे नळी, बासरी या शब्दापर्यंत नेला जातो.)

आता मोर्चेबांधणीचा उलगडा आपोआप होतो. बांधायचा असतो तो मातीचा मोर्चा. लोकांचा मोर्चा बांधता येत नाही, तो काढावा लागतो. निवडणुकीच्या आधी पक्षांची मोर्चेबांधणी चालते म्हणजे लढाईपूर्वी माणसं मोक्याच्या जागी बसवणं चालतं. ‘मोर्चा वळवणे’ही तोफांच्या मोर्चातूनच समजतं. एका बुरुजावर रोखलेला मारा दुसऱ्या बुरुजाकडे फिरवायचा. बाईंनी मोठ्या मुलाला झापून झाल्यावर धाकट्याकडे मोर्चा वळवला, असं आपण म्हणतो तेव्हा त्या बाई कुठेही चालत गेलेल्या नसतात. मारा तेवढा फिरतो.

मग खंदकात बसलेला हा शब्द रस्त्यावर चालायला कसा लागला? मला यातला महत्त्वाचा दुवा पंजाबात दिसतो. गुरुद्वारा सुधारणेच्या लढ्यात १९२२ चा ‘गुरू का बाग मोर्चा’ आणि त्याच्या पुढच्या वर्षीचा ‘जैतो मोर्चा’ प्रसिद्ध आहेत. शिखांचे जथे एकामागून एक ठरलेल्या जागी जायचे, लाठ्या खायचे, अटक करून घ्यायचे, पण जागा सोडायची नाही. शस्त्र गेलं आणि ठाण मांडणं उरलं. पंजाबीत हा अर्थ अजून ताजा आहे. २०२० च्या नोव्हेंबरपासून वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसून होते, त्या बसण्यालाच ते मोर्चा म्हणत होते. मराठी माणूस त्याला ‘ठिय्या’ म्हणेल.

मराठीत जोर पडला तो चालून जाण्यावर. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये फ्लोरा फाउंटनकडे निघालेला संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा, महागाईविरुद्ध बायकांनी काढलेला लाटणे मोर्चा, पाण्यासाठीचा हंडा मोर्चा, २०१६ चे मराठा समाजाचे मूक मोर्चे, या सगळ्यांत मोर्चा म्हणजे चालता जनसमुदाय.

तरीही जुना अर्थ पुसला गेलेला नाही. तो एका छोट्या प्रत्ययात शिल्लक आहे, आणि या शब्दातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. मोर्चा कचेरी‘वर’ जातो, विधानभवना‘वर’ धडकतो. दिंडी पंढरपूरला जाते, मिरवणूक नदीकडे जाते. ‘पंढरपूरवर दिंडी’ कुणीच म्हणणार नाही. स्वारी, चाल, हल्ला, छापा हे शब्द जो ‘वर’ घेतात तोच मोर्चा घेतो. किल्ल्यावर मोर्चे लावणाऱ्यांनी वापरलेला ‘वर’ आज निवेदन घेऊन जाणारे लोकही वापरतात. समोर तट आहे, आत कुणीतरी दार लावून बसलं आहे, ही कल्पना अजून तशीच आहे.

हिंदीत या शब्दानं वेगळी वाट धरली. तिथे मोर्चा म्हणजे युद्धाची आघाडी, आणि त्यावरून राजकीय आघाडीसुद्धा. म्हणून तिकडे झारखंड मुक्ती मोर्चा आणि आपल्याकडे महाविकास आघाडी. आपली ‘आघाडी’ही लष्करातलीच: सैन्याचा पुढचा भाग ती आघाडी, मागचा ती पिछाडी. घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांना बांधायच्या दोऱ्यांचीही हीच नावं.

हिंदीतून मराठीत बातमी आणताना त्यामुळे घोटाळा होतो. ‘जवानों ने मोर्चा संभाला’ याचं ‘जवानांनी मोर्चा सांभाळला’ असं मराठी केलं, की वाचकाला वाटतं जवान निदर्शकांवर लक्ष ठेवून होते. तिथे ‘जवानांनी मोर्चे धरले’ किंवा ‘आघाडी सांभाळली’ असं लिहावं. तसंच ‘महिला मोर्चा’ ही बहुधा पक्षाची शाखा असते आणि ‘महिलांचा मोर्चा’ रस्त्यावर असतो. एका ‘चा’नं अर्थ बदलतो, तेव्हा मथळा देताना तो गाळू नये.