खडीच्या रस्त्यावर ट्रेलर नेताना : अ‍ॅक्सलविषयी वाचकांचे प्रश्न

आमचा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) दोन अ‍ॅक्सलचा, म्हणजे चाकांच्या दोन आडव्या दांड्यांचा आहे, प्रत्येक अ‍ॅक्सल ३,५०० पौंड पेलणारा. पुढच्या उन्हाळ्यात अलास्कात डेनाली हायवेने जायचंय. ५,२०० पौंडांचे अ‍ॅक्सल बसवावेत का? (डेन्व्हर)

आधी वजनकाट्यावर जा. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा मोठा वजनकाटा असतो, तिथे ट्रेलरच्या चाकांवरचं वजन वेगळं छापून मिळतं. पाण्याची टाकी, गॅस, भांडीकुंडी, कपडे, सगळं भरून मोजायचं. तुमच्या दोन अ‍ॅक्सलची क्षमता मिळून ७,००० पौंड. काट्यावर ६,७०० आले तर कागदावर तुम्ही मर्यादेत आहात, पण खड्ड्यात आपटल्यावर हातचं काहीच उरत नाही. अशा वेळी ५,२०० चे नक्की बसवा. ५,००० च आले, तर अ‍ॅक्सलला हात लावू नका, पैसे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि बुशांवर (बोल्टभोवतीच्या नळकांड्यांवर) खर्च करा.

डेनाली हायवे १३५ मैलांचा, बहुतेक सगळा खडीचा. अशा रस्त्यावर अ‍ॅक्सलची नळी वाकण्याच्या खूप आधी शॅकल (पाट्याचं टोक चौकटीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) आणि बोल्ट जातात. मी एका प्रवासानंतर स्वतःच्या ट्रेलरखाली शिरलो, चाक काढलं आणि पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्यातला बोल्ट ठोकून बाहेर काढला. आतल्या नायलॉनच्या बुशचा पापुद्रा तेवढा उरला होता. लोखंडावर लोखंड घासून बोल्ट एका बाजूने खाल्ला गेला होता आणि शॅकलच्या पट्टीतलं गोल भोक अंड्यासारखं लांबट झालं होतं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तेव्हापासून मी काशाचे बुश, ग्रीस भरता येणारे बोल्ट आणि जाड पट्टीचे शॅकल हा संच कुठल्याही अ‍ॅक्सलच्या आधी सुचवतो.

तरीही अ‍ॅक्सल बदलायचाच असेल, तर खर्चाचा पूर्ण अंदाज घ्या. ३,५०० च्या अ‍ॅक्सलला सहसा पाच बोल्टचं चाक आणि १० इंची ब्रेक असतात. ५,२०० ला सहा बोल्ट आणि १२ इंची. म्हणजे चाकं नवी, स्टेपनीसुद्धा. नळी जाड, म्हणून ती पाट्यांना आवळून धरणारे यू-बोल्टही नवे. ब्रेक मोठे मिळतात हा फायदा मात्र खरा आहे, घाट उतरताना तो लगेच जाणवतो.

इथे बरेच जण फसतात. जड अ‍ॅक्सलबरोबर तितकेच कडक पाटे घातले, तर हलक्या ट्रेलरखाली ते दबतच नाहीत. सगळा हादरा वर जातो. कपाटांचे स्क्रू निघतात, चौकटीच्या वेल्डला तडे जातात. रिकामी उसाची ट्रॉली कशी उडते, ते ज्याने पाहिलंय त्याला हे सांगावं लागणार नाही. पाटे काट्यावरच्या वजनाला धरून निवडा, आणि मग क्षमता मोजताना सगळ्यात कमजोर भागाचाच आकडा धरा. ट्रेलरच्या पाटीवर लिहिलेलं कमाल वजन अ‍ॅक्सल बदलल्याने वाढत नाही. चौकट तीच असते.

ट्रेलर उंच करायला अ‍ॅक्सल नुसता उलटा करून पाट्यांखाली बसवला तर चालेल ना? (फिनिक्स)

उलटा करू नका. सरळ नळीच्या अ‍ॅक्सलला मध्यभागी किंचित वर बाक दिलेला असतो, म्हणजे ओझ्याखाली चाकं सरळ उभी राहतात. उलटा केलात की बाक खाली जातो, चाकं तिरपी होतात आणि टायर एका कडेने झिजून संपतात. अ‍ॅक्सल आहे तसाच ठेवून, नळीच्या वरच्या बाजूला पाट्यांसाठी नव्या बैठका वेल्ड करायच्या. हे काम जाणकार वेल्डरचंच. उंची साधारण पाच इंच वाढते. गुरुत्वमध्यही तेवढाच वर जातो, त्यामुळे आडव्या वाऱ्यात झोले जास्त बसतील. हिचची, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायच्या सांध्याची उंची पुन्हा जुळवा. ट्रेलर नाक वर करून चालला, तर मागच्या अ‍ॅक्सलवर भार जातो.

ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोडसाठी रबराचा टॉर्शन अ‍ॅक्सल बरा, पाटे बरे, की प्रत्येक चाकाचं स्वतंत्र सस्पेन्शन? (पर्थ)

सुमारे ६६० किलोमीटरच्या त्या रस्त्याचा मुख्य त्रास खड्ड्यांपेक्षा पन्हळी पत्र्यासारख्या लाटांचा आहे. चाक तासन् तास थरथरत राहतं. टॉर्शन अ‍ॅक्सलमध्ये रबराच्या कांड्या पिळल्या जातात. डांबरी रस्त्यावर तो फार सुखाचा. पण रबर थकलं तर वाटेत दुरुस्ती नाही, पूर्ण अ‍ॅक्सलच बदलावा लागतो. शिवाय दोन टॉर्शन अ‍ॅक्सल एकमेकांत भार वाटून घेत नाहीत. उंचवट्यावर चढलेलं चाक बराचसा भार एकटं पेलतं.

कॉइल स्प्रिंग आणि चांगले शॉक (उसळी मारणारे दट्टे) असलेलं स्वतंत्र सस्पेन्शन लाटांवर सगळ्यात शांत चालतं, पण किंमत मोठी आणि बसवताना चौकटीला आधार द्यावा लागतो. वर्षातून एकदाच जाणार असाल तर माझं मत पाट्यांना. एक पाटा तुटला तरी बाकीचे गाडी ओढून नेतात, आणि सुटा पाटा सोबत ठेवता येतो. पाट्यांना शॉक जोडा. शॉक नसलेला ट्रेलर लाटांवर उसळतच राहतो. टायरची हवा कमी करा, आणि हवा कमी तर वेगही कमी.

हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, ग्रीस भरायचा निपल आहे. गन लावून ग्रीस मारलं की पुरे? (ऑस्टिन)

नाही. चाक उचलून, ते फिरवत फिरवत सावकाश मारा. घाईने दाबलंत तर सील ओलांडून ग्रीस ब्रेकच्या ड्रममध्ये शिरतं आणि त्या चाकाचा ब्रेक जातो. वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी बेअरिंग बाहेर काढून धुवा आणि हाताने ग्रीस भरा. चाक पुन्हा बसवल्यावर नट १०, २५ आणि ५० मैलांवर टॉर्क पान्याने तपासा. खडीवर प्रत्येक थांब्याला सगळ्या हबजवळ हात नेऊन बघा. एक इतरांपेक्षा जास्त तापलेला वाटला तर तिथेच जॅक लावा, पुढच्या गावाची वाट पाहू नका.