पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) नवीन गोळ्या चालू झाल्यात? आधी एवढंच बघा

भाऊ, घाबरू नका, आमच्या मायला परभणीत ७ वर्षं झाली या लेवोडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या चालू होऊन.

सगळ्यात मोठी गोष्ट टाईमची. लेवोडोपा मेंदूत गेल्यावर तिचं डोपामाइन होतं (हालचालीसाठी मेंदूला लागणारं रसायन, या आजारात ते कमी पडतं), पण वरण, दूध, पिठल्यातलं प्रोटीन तिची वाट अडवतं, म्हणून जेवणाआधी अर्धा तास द्या, आम्ही वर्षभर दुधासोबत देत बसलो अन् म्हणायचो गोळी लागूच पडंना!

सोबतची कार्बिडोपा लेवोडोपाला मेंदूबाहेरच खर्च होऊ देत नाही, मळमळपण कमी. तरी उलटी झाली तर मेडिकलवरून मेटोक्लोप्रमाइड आणू नका, त्यानं थरथर वाढते.

मनानं गोळी एकदम बंद तर अजिबात नाही. उठताना चक्कर येते, आधी बाजेवर जरा बसवा. बाकीच्या औषधांचं नंतर बघू.