यंत्रशंका : शून्यबिंदू नेमका ५ मिमीने का सरकतो?

प्रश्न : आमच्या गावी (ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर) सागवानी दारांवर नक्षी कोरण्यासाठी मी सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने कोरणारे यंत्र) बांधला आहे. ५ मिमी लीडचा (एका फेऱ्यात अक्ष ५ मिमी सरकवणारा) बॉलस्क्रू, १००० रेषांचा एन्कोडर (फिरणे मोजणारे उपकरण) असलेली सर्व्हो मोटर, यंत्र चालवणारे लिनक्ससीएनसी सॉफ्टवेअर आणि होमिंगसाठी (शून्यबिंदू शोधण्यासाठी) धातू जवळ आल्याचे ओळखणारा इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर अशी रचना असून होमिंगमध्ये एन्कोडरचा इंडेक्स पल्सही वापरतो. एरवी शून्यबिंदू केसभर हलत नाही. मात्र लाईट जाऊन आल्यावर दुपारी पुन्हा होमिंग केले, की कधी कधी एक्स अक्ष बरोबर ५ मिमीने सरकलेला असतो आणि अर्धी कोरलेली फळी वाया जाते. एन्कोडर बदलावा का?

उत्तर : एन्कोडर मुळीच बदलू नका. चूक किती, हा आकडाच तिचे कारण सांगतो आहे, कारण ५ मिमी म्हणजे आपल्या स्क्रूचा एक पूर्ण फेरा होय. मोजणीत पल्स गळत असते, तर दर वेळी वेगळी आणि वेडीवाकडी तफावत आली असती.

आपल्यासारख्या इन्क्रिमेंटल (फक्त बदल मोजणाऱ्या) एन्कोडरला वीज गेल्यावर आपले स्थान आठवत नाही. त्याचा इंडेक्स पल्स प्रत्येक फेऱ्यात एकदाच येतो आणि फेऱ्यातील जागा अचूक दाखवतो. आपल्या मांडणीत, एका रेषेच्या चार याप्रमाणे, फेऱ्याच्या ४००० गणना होतात, म्हणजे एक गणना ०.००१२५ मिमीची. पण तो फेरा कितवा, हे त्याला ठाऊक नसते. ते सेन्सरने ठरवायचे असते, आणि सेन्सर काही दशांश मिलिमीटर मागेपुढे झाला तरी बिघडत नाही, जोवर त्याचा बदलबिंदू (सेन्सर चालू-बंद होण्याची जागा) इंडेक्सपासून पुरेसा दूर आहे. हे दोन्ही बिंदू शेजारी आले, की सेन्सर कधी इंडेक्सच्या अलीकडे सुटतो, कधी पलीकडे. पलीकडे सुटला की यंत्र पुढच्या फेऱ्याचा पल्स धरते. टिनाच्या शेडमध्ये सकाळ आणि उन्हाळी दुपार यांच्या तापमानात मोठा फरक पडतो, आणि अशा सेन्सरचे संवेदन-अंतर तापमानानुसार थोडे बदलतेच. आपली तक्रार दुपारची आहे, हे म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते.

खात्री अशी करावी. होम ऑफसेट (होम बिंदूला दिलेला आकडा) शून्य ठेवून होमिंग करा. मग अक्ष सेन्सरवर नेऊन, होमिंगच्या शेवटच्या टप्प्यात तो ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने ०.०१ मिमीच्या पावलांनी मागे घ्या आणि सेन्सरचा दिवा बदलताच पडद्यावरील आकडा टिपा. चिन्ह सोडून हा आकडा २.५ च्या आसपास हवा. ० किंवा ५ च्या जवळ असेल, तर दोष सापडला. कपलिंग सैल करून मोटर अर्धा फेरा फिरवता येते, पण त्यामुळे सगळेच इंडेक्स बिंदू २.५ मिमीने सरकतात. त्यापेक्षा सेन्सरची पट्टी २.५ मिमी सरकवणे मला अधिक योग्य वाटते, कारण त्यात इंडेक्स जागच्या जागी राहतात. तरीही शून्य शेजारच्या फेऱ्यावर जाऊ शकते, म्हणून सॉफ्ट लिमिट (सॉफ्टवेअरमधील हालचालीच्या मर्यादा) पुन्हा तपासावेत.

आकडा २.५ च्या जवळ असूनही तफावत येत असेल, तर वेगाकडे पाहा. होम लॅच व्हेल (होमिंगच्या शेवटच्या टप्प्याचा वेग) १ मिमी प्रतिसेकंद ठेवल्यास, एका गणनेइतका रुंद पल्स सुमारे सव्वा मिलिसेकंद टिकतो. २५ मिमी प्रतिसेकंद वेगाला तो जेमतेम ५० मायक्रोसेकंदांचा उरतो आणि संगणकाच्या पॅरलल पोर्टवरून मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हातून निसटतो. निसटलेला पल्सही पूर्ण एका फेऱ्याचीच चूक दाखवतो. सेन्सर मात्र तोच ठेवावा, कारण लाकडाच्या भुशाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. प्रकाशावर चालणारा सेन्सर अशा जागी लवकरच आंधळा होतो.

प्रश्न : माझ्या जीआरबीएल (कंट्रोलरमधील नियंत्रण सॉफ्टवेअर) यंत्रावर क्लोज्ड लूप स्टेपर, म्हणजे एन्कोडर असलेल्या स्टेपर मोटर, आहेत. त्यांच्या एन्कोडरवर होमिंग करता येईल का? (एक वाचक, जि. गोंदिया)

उत्तर : नाही. त्या एन्कोडरच्या तारा ड्रायव्हरपर्यंतच जातात आणि जीआरबीएल त्या वाचत नाही. होमिंग स्विचवरच करावे लागेल. स्विचच्या शोधाचा वेग २५ क्रमांकाच्या सेटिंगमध्ये हवा तेवढा ठेवा, परंतु २४ क्रमांकाचा अंतिम वेग कमीच असू द्या. ड्रायव्हरचे अलार्म आउटपुट, व्होल्टेज जुळत असल्याची खात्री करून, कंट्रोलरच्या रीसेट पिनला जोडावे, म्हणजे मोटर अडकताच काम थांबेल आणि पुन्हा होमिंग करूनच पुढे जाता येईल.