पूल क्यूच्या शाफ्टला (चेंडू मारायच्या काठीच्या पुढच्या, बोटांतून सरकणाऱ्या भागाला) संरक्षक पॉलिश कोणतं मारावं, आणि किती हात?

फर्निचरचं पॉलिश अजिबात नको. पीयू (पॉलियुरेथेन), मेलामाइन, चकचकीत वॉर्निश, जे काय हौसेचं असेल ते बटला, म्हणजे मागच्या जाड भागाला मारा.

एवढं ठणकावून सांगतोय, कारण माझा थोरला भाऊ फर्निचर पॉलिशच्या धंद्यात आहे. मी घरी नसताना त्याने माझ्या मेपलच्या शाफ्टला पीयूचे तीन हात मारून ठेवले. म्हणे, "लाकूड उघडं ठेवतात का कुणी? दमट हवेत वाकेल." काम स्वच्छ होतं, कुठे ओघळ नाही. पण टेबलावर हाताला जरा घाम आला की शाफ्ट बोटांत धरायला लागला. मागे ओढताना अडकायचा, मग एकदम सुटायचा. अशाने सरळ फटका बसेल कसा? फेरूलपासून (टोकाच्या टिपखालच्या कड्यापासून) वीतभर खालपर्यंत टिपला लावायच्या खडूची पूड घामात कालवून राखाडी-निळं किटण बसायचं. पुसलं की दहा मिनिटांत पुन्हा हजर.

शेवटी फेरूलला टेप गुंडाळून सगळा थर उतरवला. ६०० चा सँडपेपर, मग १०००, मग २०००, तोही हलक्या हाताने, कारण १३ मिमीचा शाफ्ट एकदा बारीक झाला की भरून येत नाही. दादा अजूनही म्हणतो, चांगलं काम मातीत घातलंस.

तुम्ही चपडा लाख स्पिरिटमध्ये पातळ करून फडक्याने एकच हात मारा. वाळल्यावर २००० चा पेपर फिरवा. छिद्रं बुजली पाहिजेत, वर पापुद्रा राहता कामा नये. त्यावर नखभर मेण लावून पुसून काढा. मग चामड्याचा तुकडा गुंडाळून शाफ्ट मुठीत धरा आणि तळव्याला ऊब चांगली जाणवेपर्यंत भराभर घासा. खरी गुळगुळीत चाल या घासण्यानेच येते. पुढे साफ करताना स्पिरिट वापरू नका, लाख त्यातच विरघळते. किंचित ओलं फडकं, लगेच कोरडं.

राहिला दमटपणा. कुठलंही पॉलिश बाष्प पूर्ण अडवत नाही, फक्त त्याला उशीर लावतं. आणि लाकूड ओल सगळ्यात लवकर शोषतं ते कापलेल्या तोंडातून. शाफ्ट बटला जोडतात त्या बाजूचं, स्क्रूभोवतीचं लाकूड माझ्या शाफ्टला कोरंच होतं, तिथे दादाने बोटही लावलं नव्हतं! विचारलं तर, "ते कुठे दिसतं?" मग संरक्षण कशाचं केलं? त्या तोंडाला मात्र लाखेचे दोन-तीन हात बिनधास्त मारा, तिथे बोटं सरकत नाहीत.

हे सगळं मेपलसाठी. कार्बन फायबरच्या शाफ्टला यातलं काही लावू नका. स्नूकरचा अ‍ॅशचा क्यू असेल तर त्याची छिद्रं मोठी असतात, त्याला जवसाचं तेल बरं. जास्तीचं पुसून काढायचं. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवा.